मुदतीचे फळ

देवळात सत्यनारायणाच्या पूजेला मांडलेल्या फळांच्या तबकात हल्ली सफरचंद हटकून असते. केळी, नारळ, पेरू ही आपल्या परसातली मंडळी; त्यांच्या शेजारी हा तांबडा पाहुणा इतक्या सरावाने बसतो की, त्याचे कुळगोत्र विचारावे असे कोणाच्या मनात येत नाही. आम्हां वकिलांना मात्र कोणाचा हक्क कोठून आला, हे पाहण्याची खोड असते.

ही परंपरा शोधीत गेले, म्हणजे शिमल्यापलीकडे सुमारे ८० किलोमीटरवरील कोटगढ भागात पोहोचावे लागते. कुलूच्या खोऱ्यात इंग्रजांनी १८७० च्या सुमारास सफरचंदे लावली होती. पण ती आंबूस, आपल्या जिभेस न रुचणारी. सॅम्युएल स्टोक्स हे अमेरिकन गृहस्थ १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी हिंदुस्थानात आले. त्यांनी १९१६ साली ‘रेड डेलिशस’ या गोड जातीची रोपे आणून ठाणेदार गावी लावली. डोंगरी लोकांवर लादलेल्या बेगारीविरुद्ध ते लढले, १९२१ साली तुरुंगात गेले आणि १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाले. त्यांनी बांधलेले परमज्योतिर्मंदिर आजही तेथे उभे आहे.

आपण उष्ण मुलखातली माणसे थंडीला झाडाचा शत्रू समजतो. एका एप्रिलात आम्ही त्या भागात गेलो असता एका वृद्ध बागाइतदाराने आमचा हा समज दूर केला. तो म्हणाला, “वकीलसाहेब, बर्फ हे आमचे पांढरे खत.” खत हा शब्द त्याने उगाच वापरला नव्हता. बर्फ सावकाश वितळते, त्याचे पाणी मुळांत मुरते. शिवाय डेलिशस जातीच्या झाडाला हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी सुमारे १००० ते १२०० तास लागते. अखंड मोजली तर चाळीस ते पन्नास दिवसांची. ही संख्या भरली नाही, तर कळ्या वेळेवर व एकसारख्या उमलत नाहीत. झाड जणू व्रतस्थ असते. सांगता होईपर्यंत पारणे नाही.

पुढचा काळ अधिकच तोलाचा. बहर जेमतेम दोन आठवडे टिकतो. या जातीला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. म्हणून मधून मधून ‘गोल्डन’सारखी दुसरी झाडे लावतात आणि मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. त्या दिवसांत गारठा वा पाऊस आला, की माश्या पेटीबाहेर पडत नाहीत. रात्री दहिवर गोठले तर फूल करपते. फळ धरल्यावर गारा आल्या तर ते डागाळते. अपिलास उशीर झाला, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे पाचवे कलम पुढे करून, सबळ कारण दाखवून, क्षमा मागता येते. निसर्गाच्या संहितेत असे कलम नाही. हुकलेल्या बहराची दाद पुढच्या वर्षीच.

आता तर हिवाळाच आखडत चालला आहे. कुलूच्या खालच्या अंगाला सफरचंदाच्या जागी डाळिंबे आली. सफरचंद वर सरकत लाहौलपर्यंत पोहोचले. थोड्या थंडीत फळणाऱ्या नव्या जाती निघाल्या आहेत खऱ्या. पण जुनी बाग तोडून नवी लावायची, म्हणजे मधल्या वर्षांत घर कशावर चालवायचे? त्या वृद्धाची झाडे त्याच्या वडिलांनी लावलेली होती. वरच्या डोंगरात त्याची जमीन नव्हती.

स्टोक्स बेगारीविरुद्ध लढले, तेव्हा प्रतिवादी समोर उभा होता. त्याला नाव होते, कचेरी होती. ज्या धुराने हवा तापली, तो हजारो गावांतून, अनेक देशांतून उठलेला. निरोप घेताना त्या वृद्धाने आम्हांस विचारले, “साहेब, या कामी नोटीस कोणावर बजावायची?” वीस वर्षांच्या वकिलीत इतका साधा आणि इतका अवघड प्रश्न आम्हांस दुसऱ्या कोणत्याही पक्षकाराने विचारलेला नाही.