ज्वर उतरल्यानंतर

२०२१ च्या एप्रिलांत करोनाच्या दुसऱ्या लाटेनें आमचें वळसंगचें घर गांठलें. पंधरवड्यानें आमचा ज्वर उतरला व कुटुंबानें देवापुढें साखर ठेविली. धाकटे बंधु मात्र सोलापुरास इस्पितळांत गेले, ते परतले नाहींत.

शरीर हिंडूंफिरूं लागलें. बुद्धि अंथरुणावरच राहिली. तीस वर्षें आम्हीं गणित शिकविलें. पण दुधाचा हिशेब तीनदां केला, तो तीन तऱ्हांचा आला. भाद्रपदांत अथर्वशीर्षाचीं एकवीस आवर्तनें करावयास बसलों, तों अकरावें चाललें आहे कीं बारावें, तेंच कळेना. पाठही मध्येंच तुटला. आजोबा थट्टा करीत आहेत असें नातवास वाटलें. आम्हींही हंसून तसेंच भासविलें. तेथून लपवालपवी सुरू झाली. अखेर रक्तदाबाची गोळी दोनदां घेऊन न्हाणीघरांत कोसळलों, तेव्हां बिंग फुटलें.

सोलापूरच्या डॉक्टरांनीं प्रथम रक्त तपासलें. प्रत्येक विसर करोनाच्या माथीं मारूं नये, असें त्यांचें म्हणणें. थायरॉइड व साखर ठीक. ब-१२ जीवनसत्त्व मात्र कमी निघालें. (आम्हां शाकाहारी मंडळींचा हा जुनाच वारसा!) मग त्यांनीं झोंपेविषयीं विचारलें. ती चार तासांवर नव्हती. कां, हें सांगतांना बंधूंचें नांव आम्हीं कित्येक महिन्यांत प्रथमच उच्चारलें.

पुढें २०२४ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनीं इंग्लंडांतील १,१२,९६४ माणसांच्या स्मरणाची व विचारशक्तीची परीक्षा घेऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते आम्हीं आधाशासारखे वाचले. करोना न झालेल्यांच्या तुलनेनें, पूर्ण बऱ्या झालेल्यांतही सरासरी तीन बुद्ध्यंकांइतकी उणीव. लक्षणें रेंगाळलेल्यांत सहा, अतिदक्षता विभागांत राहिलेल्यांत नऊ. आरंभींच्या विषाणूची बाधा झालेल्यांत ती अधिक, दोन लसी घेतलेल्यांत किंचित् कमी. आजारापूर्वीं या मंडळींची परीक्षा झालेली नव्हती, हें गणिताच्या मास्तरास टोंचतेंच. परंतु ज्यांचीं रेंगाळलेलीं लक्षणें अखेर गेलीं, त्यांचे गुण लवकर बऱ्या झालेल्यांच्या बरोबरीचे आले. या एका वाक्यासाठीं तें पान आम्हीं जपून ठेविलें आहे.

डॉक्टरांनीं इंजेक्शनें दिलीं, झोंपेची वेळ बांधून दिली आणि दमण्यापूर्वींच थांबावयास सांगितलें. हिशेब आतां सकाळीं होतो, आणि बहुधा एकदांच. त्या आवर्तनांची हकीकत कुटुंबास सांगितली, तेव्हां तें म्हणालें, “अहो, मोजणी तुमच्याकडे कधीं होती? ताटांतल्या सुपाऱ्या भावोजीच सरकवीत ना!”