मन कोणत्या बाजूचे?

विश्वाचा उलगडा एकमेकांत विरून न जाणाऱ्या दोन मूलतत्त्वांच्या आधारे करणाऱ्या विचाराला तत्त्वज्ञानात द्वैतवाद म्हणतात. ‘द्वैत’ म्हटले की मराठी वाचकाला मध्वाचार्यांचे वेदान्तमत आठवते. परंतु ईश्वर, जीव आणि जड यांच्यातील पाच भेद नित्य मानणारे ते मत वेगळे आणि चेतना व देह यांची फारकत करणारा द्वैतवाद वेगळा. या दुसऱ्या द्वैतवादात दोन तत्त्वे आहेत की नाहीत यावर पुष्कळ वाद झाला आहे. त्यांच्यामधली रेषा नेमकी कोठून जाते आणि मन तिच्या कोणत्या बाजूला पडते, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

रेने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मेडिटेशन्स’मध्ये विचार करणारे द्रव्य आणि जागा व्यापणारे द्रव्य असे दोन भाग पाडले, आणि शंका, इच्छा, कल्पना ही सारी विचाराचीच रूपे मानल्यामुळे त्याच्या लेखी मन आणि आत्मा एकच ठरले. ज्याला विस्तारच नाही असा आत्मा देहाला हलवतो कसा, असे बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये पत्राने विचारले. मेंदूतील पिनिअल ग्रंथी हे आत्म्याचे मुख्य कार्यस्थान असल्याचे देकार्तने पुढे १६४९ च्या ग्रंथात मांडले खरे, पण त्याने दोघांच्या भेटीची जागा कळली. भेट घडते कशी, हे कळले नाही.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत हीच रेषा फार आत सरकलेली दिसते. तेथील पंचवीस तत्त्वांपैकी चोवीस प्रकृतीच्या, म्हणजे जडाच्या बाजूची असून बुद्धी, अहंकार आणि मनही त्यांतच मोडतात. पुरुष हा निव्वळ साक्षी, काहीही न करणारा. गीतेच्या तेराव्या अध्यायातही इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांची गणना क्षेत्रात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या बाजूला होते, आणि शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीने हा क्षेत्र-क्षेत्रज्ञविचार मराठीत विस्ताराने आणला. अर्थात एलिझाबेथचा प्रश्न सांख्यांनाही चुकला नाही. पुरुष-प्रकृतीचा संयोग त्यांनी पांगळ्या-आंधळ्याच्या दृष्टान्ताने समजावला, तेव्हा पांगळा निदान बोलून वाट दाखवतो, उदासीन पुरुष काय करणार, असा आक्षेप शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात घेतला.

धर्माचारात या रेषेचे परिणाम खोल आहेत. जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्योर्कलुंड यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बाहुल्यांच्या खेळात मगरीने खाल्लेल्या उंदराला आता भूक लागत नाही असे मानणारी मुलेही त्याच्या भावना आणि इच्छा उरल्या असाव्यात, असे अधिक सहजपणे मानत होती. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की मृताची कोणती इच्छा राहिली याचा शोध घेणारे आप्तही याच सहजप्रवृत्तीने वागतात. सांख्यमताने मात्र ती इच्छा आत्म्याची नव्हे. मरणानंतर बुद्धी, अहंकार आणि मन यांना सोबत नेणाऱ्या लिंगशरीराची, म्हणजे प्रकृतीचीच असते.

रोजच्या वागण्यात या रेषेची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते ती मनाने आजारी असलेल्याला. मॅकगिल विद्यापीठातील मानसतज्ज्ञांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, समस्येचे मूळ जितके मानसिक मानले गेले तितका रुग्ण अधिक दोषी ठरला, आणि ते मेंदूत आहे असे मानले गेल्यावर दोष हलका झाला. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकारांसाठी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विमा देणे बंधनकारक केले. तरी नैराश्याने खचलेल्या माणसाला घरात ‘मन घट्ट कर’ असेच सांगितले जाते, म्हणजे जे दुखावले आहे त्यानेच स्वतःवर उपचार करावा अशी अपेक्षा धरली जाते.

मन जडात ढकलल्याने जबाबदारीच संपते, असा आक्षेप यावर येईल. परंतु सांख्यांनी निश्चय करणे हे बुद्धीचे लक्षण सांगितले आणि धर्म, ज्ञान, वैराग्य ही बुद्धीचीच रूपे मानली. म्हणजे सदाचारही त्यांनी प्रकृतीच्याच बाजूला ठेवला. जे प्रकृतीचे आहे ते बदलते, म्हणून ते अभ्यासाने घडू शकते आणि आजारी पडल्यास त्यावर उपचारही होऊ शकतो. मनाला या बाजूचे मानण्याने माणसाची प्रतिष्ठा उणावत नाही; दुखणाऱ्या मनाला दोष देण्याऐवजी त्याची शुश्रूषा करण्याची वाट मोकळी होते.