अमूर्त बीजगणिताच्या वर्गात

सेवानिवृत्ताने तीर्थयात्रा करावी, नातवंडे सांभाळावीत, सकाळी वैनगंगेच्या काठी फिरून यावे, अशी समाजाची अपेक्षा असते. आम्हांस यांपैकी काहीही अमान्य नाही. तथापि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आम्ही अमूर्त बीजगणिताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास नाव घातले, तेव्हा बालाघाटातील आमच्या स्नेह्यांनी एकच प्रश्न केला : "आता याचा उपयोग काय?"

एनपीटीईएलमुळे आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने आज घरबसल्या ऐकता येतात. अभ्यासक्रम बारा आठवड्यांचा, दर आठवड्यास स्वाध्याय. बी.एस्सी.ला आम्ही शिकलो ते बीजगणित मुख्यतः समीकरणे सोडविण्याचे होते. येथे आरंभ होतो 'गटा'पासून. हिंदीत त्यासच 'समूह' म्हणतात. नियम अवघे चार : संवृतता, साहचर्य, अविकारक आणि व्यस्त. घटक संख्याच असले पाहिजेत असेही नाही. पुठ्ठ्याचा चौरस घ्यावा; तो फिरवून वा पालथा करून पुन्हा मूळच्याच जागी नेमका बसविण्याचे आठ प्रकार आहेत. या आठ हालचालींचा गट होतो. आधी काटकोनात फिरवून मग उलटा केलेला चौरस आणि आधी उलटा करून मग फिरविलेला चौरस यांचे कोपरे मात्र निराळ्या जागी येतात. क्रमनिरपेक्षतेचा नियम येथे लागू पडत नाही, हे आम्ही कोपऱ्यांवर अक्षरे लिहून पडताळून पाहिले.

पुढे लाग्रांजचा सिद्धांत आला : उपगटातील घटकांच्या संख्येने गटाच्या घटकसंख्येस निःशेष भाग गेलाच पाहिजे. म्हणजे आठांच्या गटात तिघांचा उपगट असूच शकत नाही. आमचे आयुष्य शासकीय सेवेत गेले. तेथे नियमास अपवाद असे, अपवादास शिफारस असे, आणि सहीवाचून कागद पुढे सरकत नसे. येथे शिफारस चालत नाही आणि ज्येष्ठतेस किंमत नाही. सिद्धता बरोबर असेल तर ती विद्यार्थ्याची असली तरी बरोबर, आणि चूक असेल तर ती प्राध्यापकाची असली तरी चूक.

या विषयाचा इतिहासही हेच सांगतो. एव्हारिस्त गाल्वाचा प्रबंध १८३१ साली फ्रेंच अकादमीने दुर्बोध ठरवून परत केला. पुढल्याच वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षी, द्वंद्वयुद्धात तो गेला. १८४६ मध्ये लियूव्हिलने त्याचे लेखन प्रसिद्ध केले. परतीचा शेरा मारणाऱ्यांचे अधिकार संपले. गाल्वाचे गट आज सहासष्ट वर्षांच्या माणसास शिकवीत आहेत. एमी नोएथर यांना ग्योटिंगेनमध्ये प्रारंभी काही वर्षे हिल्बर्टच्या नावाने व्याख्याने द्यावी लागली. आज मात्र पाठ्यपुस्तकात 'नोएथेरीय वलय' त्यांच्याच नावाने येते.

हे सारे परदेशचेच, असेही नाही. बैजिक भूमितीत जगन्मान्य झालेले श्रीराम अभ्यंकर १९३० साली आमच्याच प्रांतातील उज्जैनला जन्मले. वडील गणिताचे प्राध्यापक. अमेरिकेत अध्यापन करीत असतानाही अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. शालेय बीजगणिताच्या साध्या रीतींवर त्यांचा अखेरपर्यंत विश्वास होता.

तेव्हा उपयोग काय? प्रमाणपत्राने आमच्या निवृत्तिवेतनात भर पडणार नाही. परंतु ज्यांचे म्हणणे पदामुळे ऐकले जात होते, अशा आम्हांस पद गेल्यानंतर आपले म्हणणे किती उरते, हे पाहण्याची इच्छा होती. स्वाध्यायाची वही ते रोज दाखविते. सध्या आम्ही वलयांच्या प्रकरणापर्यंत पोहोचलो आहोत. क्षेत्रे अद्याप पुढे आहेत.