गेली मुंबईला

पिरंगुटात वीज गेली की आजी म्हणायची, "गेली मुंबईला." तिचं माहेर मुळशी धरणात बुडालेलं. निळा-मुळेच्या संगमावर टाटा कंपनीनं धरण बांधलं, मुळेचं पाणी उलटं फिरवून घाटाखाली भिऱ्याला सोडलं आणि तिथली वीज मुंबईकडे, गिरण्यांकडे गेली. आंबेमोहोराची खाचरं तळाशी राहिली. आम्ही कंदिलाची काच पुसत आजीला हसायचो.

पुढे पुण्यात राज्यशास्त्र शिकायला लागलो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पुस्तकांत सगळं देशांचं चाले: त्यांचं बळ, त्यांचे तह, त्यांच्या लढाया. मग इमॅन्युएल वॉलरस्टाइन हाती लागला. १९७४ साली आलेल्या ग्रंथात त्यानं देश बाजूला सारून सोळाव्या शतकापासून पसरत गेलेली भांडवली जगव्यवस्थाच अभ्यासाला घेतली. नफ्याचं उत्पादन केंद्राकडे, कच्चा माल नि स्वस्त मजुरी परिघाकडे, मध्ये अर्धपरीघ. म्हणजे आजीचंच म्हणणं, जाडजूड खंडांत.

मुळशीनं मला हा सिद्धांत पटवला. १९२१च्या रामनवमीला सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे मावळ्यांसह सत्याग्रहाला उतरले, ते एका देशी कंपनीविरुद्ध. पाठीशी सरकारचा भूसंपादन कायदा होता, आणि ज्यांच्याकडे खाचरं गहाण होती त्या पुण्याच्या सावकारांना मोबदला पुरेसा वाटला. लंडनपुढे मुंबई परिघावर, पण मुळशीपुढे तीच केंद्र! इंग्रज विरुद्ध हिंदी एवढ्या हिशेबात हे बसत नाही. एक मात्र खटकतं. धरणाच्या कामावर जाऊन बसणारा मावळा वॉलरस्टाइनच्या एवढ्या मोठ्या यंत्रात कुठे दिसत नाही.

अर्धपरीघ समजायला मला पुस्तक लागलं नाही. वरच्यांकडून पिळलं जायचं, खालच्यांना पिळायचं. पिरंगुटात कारखाने आले, तसं वडिलांनी भाताचं खाचर भरून घेतलं आणि खोल्या काढल्या. बिहार-ओडिशाकडची पोरं तिथं राहतात. ती घडवतात तो सुटा भाग कुठल्या देशातल्या गाडीला बसतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. प्रत्येक खोलीला सबमीटर आहे. आम्हाला पडतं त्याहून चढ्या दरानं आम्ही त्यांना युनिट लावतो. या महिन्यात आणखी रुपया वाढवू या, असं भाऊ म्हणतोय. शेजाऱ्यांनी केव्हाच वाढवलाय.