परत आलेल्या मेटाडोरची नोंद

बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात विम्याच्या दाव्याचा नकाशा काढत बसलो होतो. २०२४चा डिसेंबर. "कापूस वापस आनला. ओला हाय म्हनते."

लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागत होता. आमच्या कापसात मशीननं १४ दाखवला. दवात वेचलेला होता, मशीन खोटं नव्हतं. मेटाडोरचं भाडं मात्र दोन्ही फेऱ्यांचं गेलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. अर्ज आल्यापासून पैसे मिळेपर्यंतची प्रत्येक पायरी चौकटीत लिहायची, चौकटी बाणांनी जोडायच्या, निर्णयाच्या जागी फाटा काढायचा. या चित्रलिपीला बीपीएमएन म्हणतात. मोठ्या कंपनीत अशी चित्रं शेकड्यांनी असतात. कोणी सगळी वाचत नाही, म्हणून चित्रांनाच प्रश्न विचारायच्या भाषा निघाल्या. २००६ साली कात्रिएल बेरी, तोव्हा मिलो आणि सहकाऱ्यांनी बीपी-क्यूएल मांडली. तिच्यात प्रश्नही चित्रातच काढायचा, आणि दुहेरी बाणाचा अर्थ 'मध्ये कितीही पायऱ्या असोत'. पुढच्या वर्षी अहमद अवाद यांची बीपीएमएन-क्यू आली. ती थेट बीपीएमएनच्या चित्रांना प्रश्न विचारते.

एसक्यूएल तर आम्ही कॉलेजातच घोकलं होतं, मग ही नवी भानगड कशाला, असं मलाही वाटायचं. एसक्यूएल तक्त्यात जे लिहिलंय तेवढंच सांगतं. किती गाड्या मोजल्या, किती क्विंटल घेतले. आमचा मेटाडोर काट्यावर चढलाच नाही. काटापट्टी नाही, नंबर नाही. त्या दिवसाच्या हिशोबात आम्ही केंद्रावर गेलोच नव्हतो.

फोन ठेवल्यावर मी वहीत चित्र काढलं: फाटक, ओलावा तपासणी, भरल्या गाडीचा काटा, गंजीवर खाली करणं, रिकाम्या गाडीचा काटा, पट्टी, खात्यात पैसे. मग दुहेरी बाणाचा प्रश्न केला. फाटकातून आत आलेला माणूस कुठेही नोंद न होता बाहेर पडू शकतो का? वाट एकच निघाली, तपासणीच्या फाट्यावरून. आणि ती एखाददुसऱ्या गाडीची नव्हती, आखणीतच होती.

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न ऑफिसातल्या चित्राला विचारला. कागद अपुरे म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलेल्या दाव्याला नंबर पडत नव्हता. आमच्या डॅशबोर्डवर 'वेळेत निकाली' चा आकडा इतका छान का दिसतो, ते तेव्हा कळलं. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "नंबरच नाही, तर तो दावा कसा?" मी खूप समजावलं, फरक पडला नाही.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा वही बाबांपुढे धरली. त्यांनी चष्मा लावून सगळे बाण बोटानं चालून पाहिले. तपासणीपाशी बोट थांबलं.

"इथून गाडी वापस फिरली. मंग भाडं कोनाच्या चौकटीत हाय?"

कोणाच्याच नव्हतं. मी पेन काढून फाट्याबाहेर एक चौकट जोडली: 'घर, कापूस उन्हात'. तिच्यातून फाटकाकडे पुन्हा बाण नेला आणि त्यावर भाडं लिहिलं.

"आता बरोबर," बाबा म्हणाले, आणि स्लॅबवर पसरलेला कापूस उलटायला जिना चढले.