दुर्बिणीचेच ऑपरेशन

आमच्या छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून रुग्ण तेथे येतात, त्यांत आमचे भाविकही असतात. त्यांना भेटावयास गेलो की एक वाक्य हमखास कानी पडते : "फादर, काळजीचे काही नाही, दुर्बिणीचेच ऑपरेशन आहे."

यातील 'च' फसवा आहे. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी नुसतीच वाढून लघवी अडू लागली, तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. शेजारचे काका दोन-चार दिवसांत घरी परतले, ते यामुळे. कर्करोग मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात उद्भवतो. खरवडून तो बरा होत नाही. शस्त्रक्रिया ठरलीच, तर पोटावर पाच-सहा लहान छिद्रे पाडून संपूर्ण ग्रंथी शुक्राशयांसह काढतात आणि मूत्राशय मूत्रमार्गास पुन्हा शिवून जोडतात. २००० सालापासून या कामी रोबोटचे हातही आले. ते चालवितो मात्र शल्यविशारदच. रक्त कमी जाते, रुग्ण लवकर घरी जातो, हे खरेच. परंतु ब्रिस्बेन येथे मोठी चीर व रोबोट यांची तुलना करण्यात आली, तिचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, दोन वर्षांनंतर लघवीवरील ताबा आणि शरीरसंबंधाची क्षमता यांत लक्षणीय फरक उरत नाही.

नेमके हेच दोन विषय आमचे पुरुष उच्चारीत नाहीत. ग्रंथीलगतच्या सूक्ष्म नसा राखता येतात, हे डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली दाखवून दिले. पण त्या राखता येतील की नाही, हे रोग किती पसरला आहे यावर अवलंबून असते. ते आधी विचारावयास हवे. विचारतात त्या बायका, आणि त्याही आम्हाला, व्हरांड्यात, पदर तोंडाला लावून! सेमिनरीत आम्ही विवाहावरील जाडजूड ग्रंथ अभ्यासले. मूत्रनळीचा उल्लेख एकातही नव्हता.

छिद्रे लहान म्हणून रुग्णाभ्यंग संस्कारही नको असतो. "एवढे काय झालेय त्यांना?" 'शेवटचे तेल' हे जुने नाव मनातून जात नाही. वास्तविक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की, हा संस्कार केवळ मरणासन्नांचा नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेणे उचितच.

परवा एका गृहस्थांनी तो घेतला. मग पत्नी चहा आणावयास गेल्यावर हळूच म्हणाले, "फादर, डॉक्टरांना ते विचारायचे कसे?" आम्ही म्हटले, बाईंना येऊ द्या, दोघे मिळून विचारा. केसपेपरच्या पाठीवर त्यांनी तीन प्रश्न लिहिले. अक्षर बाईंचे होते.