एका नदीचे रविवार

मराठी प्रवासवर्णनाला अपूर्वतेची ओढ फार. पु. ल. देशपांडे यांच्या १९६० सालच्या पुस्तकाचे नावच 'अपूर्वाई'. परदेश एकदाच पाहायला मिळणार, म्हणून जे दिसेल ते डोळे भरून पाहावे आणि परतल्यावर इतरांना सांगावे, ही या परंपरेमागची भूमिका. बोटीचे तिकीट हाती येणे हीच आयुष्यातील मोठी घटना होती, त्या काळाला ती साजेशी होती. पण परदेशी राहणाऱ्याच्या वाट्याला येणारी शनिवार-रविवारची सहल या चौकटीत बसत नाही. ती दर आठवड्याला होते, तिला निरोपाचे हार नसतात, आणि रात्री परतून दुसऱ्या दिवसाच्या डब्याची तयारी करायची असते. अशा सहलींतून हाती काय लागते, याचा विचार येथे करावासा वाटतो. कारण जर्मनीत काढलेल्या दीड वर्षात आमच्या संसाराला त्यांचा मोठा आधार होता.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. एप्रिल २०२२ मध्ये आमच्यातील एकीला संशोधनासाठी हायडेलबर्गला जाण्याची संधी मिळाली. दुसऱ्याने बिनपगारी रजा घेतली. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार हे पाच दिवस आम्हां दोघांसाठी सारखे नव्हते. एकीला ग्रंथालय होते, सहकारी होते, चर्चासत्रे होती. दुसऱ्याला स्वयंपाकघराची खिडकी, तुटपुंजे जर्मन आणि 'अमक्या बाईंचे यजमान' एवढीच ओळख. वीस वर्षे वर्गात बोलण्याची सवय असलेल्या माणसाला दिवसभरात चार वाक्येही बोलायला मिळू नयेत, हे सोसणे सोपे नसते. त्यातून रविवार तर अधिकच निःशब्द. तेथे रविवारी दुकाने बंद असतात, कामाचा आवाज करायचा नसतो, रिकाम्या बाटल्याही काचेच्या पेटीत टाकायच्या नसतात. रविवारच्या विश्रांतीचे हे संरक्षण १९१९ च्या वायमार संविधानात आले आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने ते कायम ठेवले. कायद्याने राखलेली ती शांतता आमच्या दोन खोल्यांत मावत नसे. म्हणून बाहेर पडणे आले.

जून ते ऑगस्ट २०२२ या तीन महिन्यांत नऊ युरोंच्या मासिक तिकिटावर देशभर प्रादेशिक गाड्यांनी हिंडता येत होते. जलद गाड्यांना ते चालत नसे, आणि हेच आमच्या पथ्यावर पडले. सावकाश जाणाऱ्या, प्रत्येक लहान स्थानकावर थांबणाऱ्या गाड्यांमुळे नकाशावरची एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. हायडेलबर्गच्या पुलाखालून वाहणारी नेकार आमच्या बहुतेक सहलींत कोठे ना कोठे भेटतेच. तेव्हा हिच्याच काठाने वर वर जावे, असे ठरले. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांचा निश्चय आमच्यात नव्हता. सोबत धपाटे, लोणचे आणि चहाचा थर्मास होता.

मारबाख हे शिलरचे जन्मगाव. नदीच्या वरच्या टेकडीवर जर्मन साहित्याचे अभिलेखागार आहे आणि काफ्काच्या 'द ट्रायल' या कादंबरीचे हस्तलिखित तेथे जपलेले आहे. माउलब्रोनचा बाराव्या शतकातील मठ नेकारपासून जरा बाजूला. केप्लर आणि हेल्डरलिन तेथे शिकले. चौदा वर्षांचा हर्मन हेसे १८९२ च्या मार्चमध्ये तेथून पळून गेला. तो मूळचा काल्वचा. त्या गावातून नागोल्ड वाहते. ती एन्त्सला मिळते आणि एन्त्स नेकारला. हेसेचे आजोबा हर्मन गुंडर्ट यांनी केरळात मिशनरी म्हणून काम करून मल्याळम भाषेचा कोश सिद्ध केला आणि अखेरचे दिवस काल्वमध्ये काढले. ही सारी माहिती आम्ही वहीत टिपून घेतली. पहिल्या उन्हाळ्यातील त्या नोंदी आता वाचल्या, तर उत्तम उत्तरपत्रिका वाचल्यासारखे वाटते. सर्व मुद्दे आलेले आहेत, लिहिणारे मात्र कोठे दिसत नाहीत.

ट्युबिंगनला आम्ही पाच वेळा गेलो. तेथे नदीला लागून पिवळा मनोरा आहे. मन हरपलेल्या हेल्डरलिनला १८०७ मध्ये त्सिमर नावाच्या सुताराने तेथे आपल्या घरी ठेवून घेतले. त्याची कादंबरी या सुताराने वाचली होती, ती त्याला आवडली होती. कवी पुढे छत्तीस वर्षे, १८४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याच घरात राहिला. खिडकीखाली तीच नदी, समोर तेच ऋतू. आणि उत्तरकाळातील त्याच्या लहान लहान कविता बहुतांशी या ऋतूंच्याच. त्यांखाली तो कधी 'स्कार्दानेली' असे भलतेच नाव आणि अशक्यप्राय तारखा घालत असे. मूळ मनोरा १८७५ मध्ये जळाला. आज दिसतो तो नंतर बांधलेला.

पहिल्या भेटीत हे सर्व आम्ही पाहिले. तिसऱ्या भेटीपर्यंत मनोऱ्यात जाणे सुटले आणि समोरच्या बेटावरील झाडांच्या ओळीखाली बसणे सुरू झाले. नोव्हेंबर होता, पाने गळून पडली होती. तेथे आमच्यातील दुसऱ्याने, बोचऱ्या थंडीइतक्याच कोरडेपणाने, आपण डिसेंबरमध्ये परत जावे असा विचार बोलून दाखवला. पुढच्या तीन तासांच्या प्रवासात दोन गाड्या बदलताना आम्ही जे बोललो, ते घरात सहा महिने बोलता आले नव्हते. घरात बोलणे म्हणजे एकीच्या घरात दुसऱ्याने तक्रार करणे होते. गाडीत दोघेही सारखेच परके आणि सारखेच प्रवासी. निर्णय त्या रात्री झाला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गाडीत बसलो, त्यापुढच्याही. डिसेंबर येऊन गेला. रजा वाढवून घेतली, त्यापायी वेतनवाढ पुढे गेली, आणि ते नुकसान आजही दर महिन्याला जाणवते. हे नोंदवायला हवे, कारण सहलींनी दुःख हरण केले असे लिहिणे सोपे आहे आणि ते खरे नाही. त्यांनी फक्त पुन्हा पुन्हा त्याच जागी येण्याची सोय केली.

या 'पुन्हा'चा अर्थ आम्हांला हायडेलबर्गच्याच एका संशोधकाने अधिक स्पष्ट केला. येथील दक्षिण आशिया संस्थेतील गुंथर सोंथायमर यांनी धनगरांमध्ये जाऊन बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांचा अभ्यास केला. त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा. त्याच वर्षी अरुण कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह पुस्तकरूपाने आला. खंडोबाच्या वाटेने गेलेली ही दोन पुस्तके किती भिन्न आहेत! 'जेजुरी'चा आरंभ बसमध्ये आणि शेवट रेल्वे स्थानकावर. तिची जडणघडण एका दिवसाच्या सहलीची आहे. परक्याच्या त्या नजरेला दगड आणि देव यांच्यातील धूसर सीमा लख्ख दिसते. सोंथायमर मात्र १९९२ मध्ये निधन होईपर्यंत वर्षानुवर्षे महाराष्ट्रात येत राहिले, ओव्या ध्वनिमुद्रित करीत राहिले. एकाचे बळ निघून जाण्यात, दुसऱ्याचे परत येण्यात. साहित्याला दोन्ही हवेत. पण आपल्या वर्गांतून आपण पहिल्याचीच नक्कल शिकवतो, आणि तीही कोलटकरांच्या नजरेवाचून. सत्र परीक्षांच्या धाकाने एका कवीला चार तासिका मिळतात. आम्ही मुद्दे सांगतो, मुले टिपून घेतात, बस पुढे निघते.

मे २०२३ पासून एकोणपन्नास युरोंचे मासिक तिकीट सुरू झाले, आणि त्यावर आम्ही नेकारच्या उगमापर्यंत जाऊन आलो. श्वेनिंगनजवळ एक दलदल आहे. तेथे गोमुख नाही, धबधबा नाही. पाणथळ जमीन, फळ्यांची पायवाट, आणि कोठून सुरू झाली ते न सांगणारी नदी. त्याच परिसरात युरोपचा जलविभाजक आहे. थोडे अलीकडचे पाणी ऱ्हाईनमार्गे उत्तर समुद्राला, थोडे पलीकडचे डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला. पहिल्याच रविवारी येथे आलो असतो तर पाहण्याजोगे काही नाही म्हणून परतलो असतो. वर्षभर ती नदी खालून वर वाचत आलेल्यांना तेथे बराच वेळ थांबावेसे वाटले.

मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीच्या संदर्भात सांगितले जाते. सुटी म्हणजे नुसती विश्रांती नव्हे. आठवड्यातून एक दिवस आपल्या दैवताकडे, आपल्या माणसांकडे वळण्याचा तो हक्क. या वर्षी आम्ही दोघांनी आपापल्या वर्गांत एकच कवितासंग्रह लावला आहे आणि दर शनिवारी, अभ्यासक्रमाच्या बाहेर, त्यातीलच कविता पुन्हा वाचतो. प्रारंभी तीस विद्यार्थी येत. आता अकरा येतात, आणि त्या अकरांपैकी काही जण आता टिपून घेत नाहीत.